गुडघ्यावरचा पाला

मनू बेटा,

काल गाडीत तू सहज विचारलंस, "बाबा, गावाला आजीने माझ्या गुडघ्याला ते घाणेरडं गवत का चोळलं? तुमच्याकडे बँडएड नव्हतं का?" मी हसून टाळलं, पण ते 'तुमच्याकडे' जरा लागलं मला. म्हणून लिहितोय, लेक्चर नाहीये हं.

ते गवत नाही, कंबरमोडी. कुणी दगडीपाला म्हणतं, कुणी एकदांडी, कारण लांब दांडीवर एकच फूल येतं, मधे पिवळं आणि कडेला पांढरट पाकळ्या. चोपड्याकडे आपल्या शेतात निंदणीच्या बाया हीच उपटून बांधावर फेकायच्या आणि विळा लागला की पहिली हिलाच शोधायच्या! मी 8 वर्षांचा असेन, कपाशीत लुडबुड करताना करंगळी कापली, तर माझ्या आजीने, म्हणजे आबांच्या मायनं, पाला तळहातावर चोळला, हिरवा रस जखमेवर पिळला, "काही नई व्हस रे" म्हणाली, लुगड्याची चिंधी बांधली आणि परत निंदायला बसली. असं झोंबलं की विचारू नको. पण रक्त थांबलं. नंतर बोट चोखलं तर तुरट. कटिंगवाला दाढीनंतर तुरटी फिरवतो ना, तसंच काहीसं, तुरट रस कातडी आवळून धरतो.

आता खरं तेही सांगतो. पुढे एकदा पाय कापला तेव्हा पाल्यासोबत मातीही गेली असणार, जखम पिकली, आबांनी एसटीने तालुक्याला नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. आजी आठवडाभर त्या विषयावर बोललीच नाही. त्यामुळे तू प्रत्येक जखमेला पाला लाव असं मी म्हणणार नाही, म्हणजे, माझंच नक्की नाहीये.

गंमत म्हणजे ही कंबरमोडी मूळची खान्देशातली नाहीच, भारतातलीही नाही. मध्य अमेरिकेकडची, तिकडून पसरत आपल्या बांधावर आली. आणि इथे अमेरिकेत ती सरकारच्या त्रासदायक तणांच्या यादीत आहे, परमिटशिवाय आत यायला बंदी! मला आपल्या व्हिसाचे दिवस आठवले.

परवा फोनवर तुझ्या आजीने विचारलं, "पोरीचा गुडघा भरला का? पाला लागू पडला ना?" मी हो म्हटलं. त्या रात्री तू झोपल्यावर मीच डेटॉलने गुडघा पुसला होता, लाईट न लावता, मोबाईलच्या उजेडात. तिला सांगू नकोस.

बाबा