धुतल्यावरही गाडी खरखरीत लागते? क्ले बार वापरण्याआधी हे वाचा

तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे तुमची गाडी गडद निळी, बरीच वर्षं उघड्यावर उभी. शाम्पूने धुतली तरी बॉनेटवर हात फिरवला की खरखर लागते आणि चमकही गेली आहे. क्ले बारचा, म्हणजे रंगावर चिकटलेले कण काढणाऱ्या मऊ वडीचा, किट आणून ठेवलाय, पण ओरखडे पडतील या धास्तीने तो अजून उघडलेला नाही. वडीऐवजी क्ले मिट (क्लेचा थर असलेला हातमोजा) वापरावा का, असंही तुम्ही विचारलंत. ही धास्ती रास्त आहे. क्ले चुकीचा फिरवला तर गडद रंगावर बारीक रेघा उमटतात आणि उन्हात त्या लगेच दिसतात. नीट फिरवला तर मात्र घरच्या घरी करण्याजोगं इतकं समाधानाचं दुसरं काम नाही.

आधी अपेक्षा जुळवून घेऊ. खरखर आणि निस्तेजपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. खरखर येते ती रंगाला घट्ट चिकटलेल्या किंवा त्यात रुतलेल्या कणांमुळे. ब्रेक लावताना पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाचा तापलेला भुगा उडतो, तो पत्र्यावर बसतो, गंजतो आणि जागा धरून ठेवतो. त्यात डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, जवळपास कुठे रंगकाम झालं असेल तर त्याचा उडालेला फवारा. शाम्पूला यातलं काही निघत नाही. क्लेचं काम हे वर आलेले कण उपटून काढणं, एवढंच.

निस्तेजपणा बहुतेक वेळा क्लिअर कोटवरच्या (रंगावरच्या पारदर्शक थरावरच्या) असंख्य बारीक ओरखड्यांमुळे किंवा उन्हाने वरचा थर खराब झाल्यामुळे येतो. त्यावर पॉलिशच लागतं. क्लेनंतर रंग थोडा उजळ दिसेल, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे होते तिथेच राहतील. ‘क्ले मारला की गाडी नवी होते’ असं कोणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका.

तपासणी सोपी आहे. गाडी स्वच्छ धुऊन कोरडी करा, पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि बोटांची टोकं अगदी हलकेच पत्र्यावरून सरकवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेल्या जागीही पिशवीतून रवाळपणा जाणवतो, बारीक ‘खर्र’ आवाजही येतो. बॉनेट, टप, दारांचा खालचा भाग आणि डिकीचं झाकण अशा सगळ्या ठिकाणी बघा. जिथे पिशवी नुसती घसरते तिथे क्ले लावायचं कारणच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच गाळतात. क्ले हातात घेण्याआधी रसायनाने निघेल तेवढं काढून टाका. क्लेने उपटलेला प्रत्येक कण पुसून निघेपर्यंत रंगावरून थोडा तरी फरफटत जातो. कण जितके कमी, तितक्या रेघा कमी. लोखंडासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. फवारल्यावर काही मिनिटांत जांभळे ओघळ उतरू लागतात, ते विरघळणारं लोखंड. वास उग्र असतो, हातमोजे घालाच. गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि पत्र्यावर सुकू तर मुळीच देऊ नका. भरपूर पाण्याने धुवा. डांबराच्या काळ्या ठिपक्यांवर ‘टार रिमूव्हर’ लावून थोडं थांबा, मऊ झाले की पुसा. मग पुन्हा शाम्पूने धुवा आणि पिशवीची चाचणी परत करा. कधी कधी इथेच निम्मी खरखर गेलेली असते.

क्ले म्हणजे लवचीक कृत्रिम लगद्यात मिसळलेली अतिशय बारीक घर्षण करणारी पूड. जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९५ साली मिळालेल्या अमेरिकन पेटंटमध्ये त्याचं वर्णन लवचीक घासणारा दगड असंच आहे. त्यामुळे ‘क्ले घासत नाही, फक्त चिकटवून उचलतो’ या समजुतीवर विसंबू नका. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. क्लेने तो संपत नाही, पण त्याच्याशी जोर करायची गरजही नाही. सौम्य, मध्यम आणि कडक अशा प्रती मिळतात. तुमच्या रंगाला सौम्यच घ्या. वडीच्या रंगावरून प्रत ओळखू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

वडीचे तीन-चार तुकडे करा. एक घेऊन मळा, थंडीत कडक वाटला तर कोमट पाण्यात बुडवा, आणि तीन बोटांखाली मावेल अशी चपटी चकती करा. दोन फूट बाय दोन फुटांचा भाग निवडा. पत्र्यावर आणि चकतीवर दोन्हीकडे ल्युब्रिकंट (चकती घसरावी म्हणून किटमध्ये येणारा द्रव) फवारा, हात आखडता घेऊ नका. किटमधली बाटली संपली तर शाम्पूचं पातळ पाणी चालतं, मात्र काही क्ले साबणाने चिकट होऊन विरघळू लागतात, म्हणून सूचना बघून घ्या. नुसतं पाणी पुरत नाही. भांडी घासायचा साबण वापरू नका.

बोटांचं वजन पडेल तेवढाच दाब द्या आणि चकती सरळ रेषेत, मागेपुढे फिरवा. गोल गोल नको. रेघ पडलीच तर सरळ रेघ कमी डोळ्यात भरते आणि पॉलिशने काढायलाही सोपी जाते. सुरुवातीला चकती अडखळेल, घासल्याचा आवाज येईल. चार-सहा फेऱ्यांत आवाज विरतो आणि ती तरंगल्यासारखी सरकू लागते. तिथेच थांबा. आणखी दोन हात मारायचा मोह होतो, पण त्याने मिळत काही नाही. चकती चिकटून ओढल्यासारखी वाटली तर जोर लावू नका, ते कोरडं पडल्याचं लक्षण आहे, फवारा मारा. मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि चकती उलटून बघा. फिकट वडीवर तपकिरी-काळे ठिपके आणि पट्टे दिसतील. घडी घालून ते आत दाबा, स्वच्छ बाजू बाहेर आणा, मग पुढचा भाग. तुकडा जमिनीवर पडला की तो सरळ कचऱ्यात. धुऊन बघू, असं म्हणायचं नाही. आत रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो. तुकडे करून ठेवायचे ते याचसाठी.

वरून खाली या. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या तुकड्याने, कारण सगळ्यात जास्त खडे-डांबर तिथेच. गडद रंग असल्याने पूर्ण गाडीला हात घालण्याआधी वीतभर जागेवर करून बघा आणि टॉर्चच्या उजेडात निरखा. हलकी धूसर झाक दिसली तर बारीक पॉलिशने ती जाते. किंबहुना गडद गाडीला क्ले लावायचा म्हणजे नंतर हलकं पॉलिश करायचं हे धरूनच चाला. तेवढा वेळ हातात नसेल तर काम पुढे ढकला.

मॅट रंगावर क्ले लावू नका, तो जागोजाग चकाकू लागतो. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर) किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर ते लावणाऱ्याला विचारल्याशिवाय नको. ताजा रंग मारलेला पॅनेल पूर्ण सुकेपर्यंत थांबा, आणि रंगाचे पोपडे निघत असतील तिथे कडेलाही जाऊ नका. पक्ष्यांच्या विष्ठेने किंवा क्षारांच्या पाण्याने रंगात खड्डा पडला असेल तर क्ले त्यावरून नुसता फिरेल.

क्लेसोबत जुनं वॅक्सही निघून जातं, त्यामुळे त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारं कृत्रिम द्रव्य) लावाच. हे पुन्हा कधी करायचं त्याला तारखांचा हिशेब ठेवू नका. पिशवी सांगेल तेव्हा.

आता क्ले मिटबद्दल. काम झपाट्याने होतं आणि पडला तर धुता येतो, हे खरं. पण तो वडीपेक्षा जास्त रेघा पाडू शकतो. पांढऱ्या, मोठ्या गाडीला खुशाल वापरा. तुमच्या निळ्या बॉनेटवर वडीच बरी.

वापरलेला तुकडा टाकू नका, त्यात खडा नसला तर काचेसाठी ठेवा. समोरच्या काचेवर भरपूर ल्युब्रिकंट घालून फिरवलात तर चिकटलेला थर निघतो आणि वायपरची चरचर बऱ्याचदा थांबते. काचेवर फिरलेला तुकडा मात्र परत रंगावर आणू नका.