सर्जनला आकडे विचारायला संकोच कसला?

प्रश्न : माझी पत्नी ४१ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गळ्यात उजवीकडे गाठ हाताला लागली म्हणून सोनोग्राफी केली, मग सुईने तपासणी झाली. पॅपिलरी थायरॉईड कॅन्सर असा रिपोर्ट आला. गाठ २.४ सेंटिमीटरची आहे, मानेत इतर गाठी दिसत नाहीत असं लिहिलंय. घरात आता तीन मतं आहेत. आमच्या तालुक्याच्या गावातले सर्जन ‘मी करतो’ म्हणतात. माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यांनीच केलं, हाताला गुण आहे, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मेहुणे म्हणतात पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, तिथले सत्तरीचे डॉक्टर नावाजलेले आहेत. मुलगी म्हणते, आवाजाची नस मशीनवर तपासत ऑपरेशन करतात तिथेच जायचं. बायकोला एकच काळजी आहे, वर्गात पुन्हा बोलता येईल ना? कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : सगळ्यात आधी एक गोष्ट ताईंना वाचून दाखवा. पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर सावकाश वाढतो आणि वेळेवर, नीट उपचार झाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण आयुष्य जगतात. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की घरचे ‘उद्याच टेबलावर घ्या’ म्हणतात. इथे तशी घाई नाही. योग्य सर्जन शोधण्यात दोन-तीन आठवडे गेले तर काही बिघडत नाही. पहिलं ऑपरेशन घाईत, अर्धवट झालं तर मात्र बिघडतं. दुसऱ्यांदा मान उघडावी लागते तेव्हा आतले पदर एकमेकांना चिकटलेले असतात, आणि आवाजाची नस किंवा पॅराथायरॉईड ग्रंथी (थायरॉईडच्या पाठीमागच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) दुखावण्याचा धोका वाढतो.

आता तुमचे सर्जन. ते चांगले आहेत याबद्दल मला शंका नाही. पण पित्ताशयावरून थायरॉईडचा अंदाज बांधता येत नाही. त्यांना एकच प्रश्न विचारा : ‘सर, वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं तुमच्या हातून होतात?’ अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार रुग्णांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. संपूर्ण थायरॉईड काढलेले हे सगळे रुग्ण होते. त्यात दिसलं की निम्म्याहून अधिक सर्जन वर्षातून असं एकच ऑपरेशन करत होते. वर्षाला साधारण २५ पर्यंत संख्या चढत जाते तसतसा गुंतागुंतीचा धोका उतरत जातो, आणि त्याहून कमी करणाऱ्यांच्या रुग्णांमध्ये तो जवळपास दीडपट असतो. त्याआधी १९९८ साली मेरीलँड राज्यातल्या ५,८६० रुग्णांवरून असंच समोर आलं होतं, आणि त्यातला एक मुद्दा मेहुण्यांसाठी आहे. परिणाम ठरत होते ते त्या सर्जनच्या अनुभवावर. हॉस्पिटलमध्ये एकूण किती थायरॉईड होतात, याचा तसा ठाम संबंध दिसला नाही. म्हणजे इमारत मोठी आहे एवढ्यावर जाऊ नका. त्या इमारतीत तुमच्या बायकोच्या मानेवर कुणाचा हात चालणार आहे, ते विचारा.

हात म्हणजे काय, हे समजायला मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना नेहमी दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपात नेते. व्हिएन्नात बिलरोथ आणि बर्नमध्ये कोखर, दोघेही गलगंडाचे निष्णात सर्जन. पण पूर्ण ग्रंथी काढल्यावर बिलरोथच्या रुग्णांना हातपाय आखडून झटके येत. कोखरचे रुग्ण टेबलावरून ठणठणीत उठत आणि काही महिन्यांनी सुजत, मंदावत, बुद्धीने जड होत. असं का? दोघांचीही ऑपरेशनं पाहिलेल्या हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने पुढे उलगडा केला. बिलरोथ झपाट्याने काम करत, रक्ताची फार पर्वा करत नसत. त्यामुळे थायरॉईडचे तुकडे मागे राहत आणि पाठीमागच्या पॅराथायरॉईड ग्रंथी निघून तरी जात किंवा दुखावत, कॅल्शियम उतरे आणि झटके येत. कोखर सावकाश, रक्त न सांडता, पदर न् पदर सोडवत जात. पॅराथायरॉईड जागेवर राहत, पण थायरॉईड कणभरही उरत नसे, म्हणून रुग्ण मंदावत. थायरॉईडचं हार्मोन भरून काढणारी थायरॉक्सिनची गोळी तेव्हा नव्हती. आणि पॅराथायरॉईडचं वर्णन उप्सालातल्या सँडस्ट्रॉमने १८८० सालीच केलं होतं, त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं.

मला कोखर मोठे वाटतात ते पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावून तपासले, काय झालंय ते पाहिलं आणि १८८३ साली सर्जनांच्या परिषदेत स्वतःच्या ऑपरेशनांचा हा परिणाम उघडपणे मांडला. त्यानंतर साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं त्यांनी सोडून दिलं. १९०९ चं नोबेल त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठीच मिळालं. स्वतःच्या रुग्णांचा हिशोब ठेवणारा सर्जन मिळणं हे तेव्हाही मोलाचं होतं, आजही आहे. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न असा असू द्या : ‘तुमच्या रुग्णांपैकी किती जणांचा आवाज कायमचा गेला, किती जणांना कायमचं कॅल्शियम लागलं?’ ‘माझ्याकडे असं कधीच होत नाही’ हे उत्तर आलं तर मी सावध होईन. ‘शंभरात एक-दोन’ म्हणणारा आणि त्यांचं पुढे काय केलं हेही सांगणारा सर्जन मला जास्त विश्वासाचा वाटतो.

वयाचं बोलू. पिकलेले केस पाहून आपल्याला धीर येतो, ते स्वाभाविक आहे. पण फ्रान्समधल्या पाच मोठ्या रुग्णालयांत २८ सर्जनांच्या ३,५७४ थायरॉईड ऑपरेशनांचा पाठपुरावा झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाजाच्या नसेला कायमची इजा २.०८ टक्के, पॅराथायरॉईड कायमच्या निकामी २.६९ टक्के. सर्वांत सुरक्षित हात निघाले ३५ ते ५० वयाच्या सर्जनांचे. वीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस झालेल्यांकडे दोन्ही गुंतागुंती अधिक होत्या. सर्जन फक्त २८ होते, तेव्हा यावरून कुणा ज्येष्ठाला नाकारू नका. मी स्वतः ज्यांच्याकडे शिकले ते साठीनंतरही सुरेख ऑपरेशन करत. पण नुसत्या वयाला गुण देऊ नका. शिवाय मोठ्या नावामागे आणखी एक गोष्ट विचारायची असते : टेबलावर प्रत्यक्ष ऑपरेशन ते करणार आहेत, की त्यांचे मदतनीस? मदतनीस करत असतील आणि सर शेजारी उभे असतील तर त्यात गैर काही नाही, नवीन सर्जन असेच तयार होतात. फक्त ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

मुलीचं मशीन. नस कुठे आहे आणि तिच्यातून संदेश जातोय का, हे ते दाखवतं. एका बाजूचं काम झाल्यावर संदेश बंद पडला तर सर्जन तिथेच थांबून दुसरी बाजू पुढे ढकलू शकतो. दोन्ही नसा एकाच वेळी बसल्या तर श्वास अडतो, गळ्याला छिद्र करावं लागतं, ते यातून टळतं. हा खरा फायदा आहे. पण मशीन वापरल्याने कायमची इजा नक्की कमी होते, हे अभ्यासांत अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मी मशीन वापरते, आणि नस तरीही डोळ्यांनी शोधते. निवड करायची वेळ आली तर मशीन नसलेला पण आठवड्याला दोन-तीन थायरॉईड करणारा सर्जन निवडा.

ताईंच्या आवाजासाठी तीन गोष्टी करून घ्या. ऑपरेशनच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू दुर्बिणीने बघून घ्या, आवाज आज चांगला असला तरीही. एखादा तंतू आधीच हलत नसेल तर सगळा बेत बदलतो. दुसरं, त्या शिक्षिका आहेत हे सर्जनना आवर्जून सांगा. ग्रंथीच्या वरच्या टोकाशी आणखी एक बारीक नस असते, ती गेली तर बोलता येतं पण आवाज चढत नाही, लवकर थकतो. चाळीस मुलांच्या वर्गात ते जाणवणारच. तिसरं, पूर्ण ग्रंथी काढायची की अर्धी, हे विचारा. एक ते चार सेंटिमीटरची गाठ ग्रंथीच्या बाहेर गेलेली नसेल आणि लिम्फच्या गाठींत कॅन्सर नसेल, तर अर्धी काढणंही मान्य आहे, असं अमेरिकन थायरॉईड संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. अर्धी काढली तर डावीकडची नस आणि तिकडच्या पॅराथायरॉईड यांना हातच लागत नाही. नंतरच्या बायोप्सीत काही वेगळं निघालं तर मात्र उरलेली बाजू काढावी लागू शकते. हे ठरवण्याआधी मानेची सोनोग्राफी थायरॉईडच्या गाठी रोज पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा करून घ्या. बाजूच्या गाठी राहून गेल्या की दुसरं ऑपरेशन ठरलेलंच.

हॉस्पिटलला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो : ऑपरेशनच्या रात्री वॉर्डात कोण असतं? पहिल्या चोवीस तासांत क्वचित आतून रक्तस्राव होतो. मान फुगते, घट्ट वाटते, श्वास कोंडतो. तेव्हा सर्जन घरून येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. जागेवरच टाके उघडून रक्त मोकळं करावं लागतं. हे जाणणारी सिस्टर आणि निवासी डॉक्टर रात्री हजर असतील तिथेच ऑपरेशन करा. अनुभवी हातालाही ही साथ लागतेच.

विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होईल असं तुम्हाला वाटत असेल. ज्याच्याकडे उत्तर आहे तो रागावत नाही. तुमच्या गावच्या सर्जननाही मोकळेपणाने सांगा, ‘डॉक्टरसाहेब, तुमच्या ओळखीत हेच काम सतत करणारं कोण आहे?’ बरेच डॉक्टर स्वतःच चिठ्ठी देतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची बरीच ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना रिपोर्ट दाखवा. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांसोबत आलेल्यांची तिथे सोय होते.

प्रश्न : कॅन्सरसाठी माझी पूर्ण थायरॉईड काढली. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, रात्री हाताची बोटं आखडली. धावतपळत जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाईनमधून कॅल्शियम दिलं. आता दीड महिना गोळ्या चालू आहेत. ऑपरेशन चुकलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून चुकलं असं म्हणता येणार नाही. मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी थायरॉईडच्या पाठीला चिकटलेल्या असतात. त्यांचा रक्तपुरवठा इतका नाजूक, की चांगल्या हातातही त्या काही काळ रुसतात. कॅल्शियम सर्वांत खाली जातं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं घरी पोहोचल्यावर. म्हणूनच डिस्चार्जच्या वेळी ‘मुंग्या आल्या तर काय करायचं’ हे लेखी द्यायला हवं होतं. ते दिलं नाही याचा मला राग येतो, कारण तुमची ती रात्र टळण्यासारखी होती. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत कामाला लागतात. सहा महिन्यांनंतरही नाही लागल्या तर त्रास कायमचा धरतात. आता कॅल्शियमबरोबर पॅराथायरॉईड हार्मोनचीही रक्ततपासणी करा. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशा हळूहळू उतरवा. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी घ्या आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. एकत्र घेतलं तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

प्रश्न : दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये ७ मिलिमीटरची गाठ दिसली, सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर निघाला. वय ६३. एक डॉक्टर म्हणतात, नुसतं लक्ष ठेवू. कॅन्सर असून थांबायचं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचा सल्ला विचारपूर्वक दिलेला आहे. जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरपेक्षा लहान अशा गाठी ऑपरेशनऐवजी देखरेखीखाली ठेवल्या. बहुतेक गाठी वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहिल्या, आणि ज्या वाढल्या त्यांचं ऑपरेशन तेव्हा करूनही रुग्णांचं नुकसान झालं नाही. उतारवयात तर वाढ आणखी कमी दिसते. उलट दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरचं निदान पंधरापट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी कित्येकांना आयुष्यभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला खेटून नसेल आणि मानेत इतर गाठी नसतील, तर थांबायला हरकत नाही. पण थांबायचं म्हणजे दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने, त्याच जागी, शक्यतो त्याच रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी करायची. आधीचे रिपोर्ट प्रत्येक वेळी सोबत न्या. गाठ ३ मिलिमीटरने वाढली किंवा मानेत नवी गाठ दिसली, तर पंढरपूरच्या वाचकांना सांगितलेले प्रश्न घेऊन सर्जनकडे जा.