शेतकऱ्यांचा सुरुवातीचा मास्टर डेटा एकदम भरावा की टप्प्याटप्प्याने?

आपण विचारले आहे की शेतकरी उत्पादक कंपनीत भागधारकांची नोंदवही, कापूस खरेदीचे सॉफ्टवेअर आणि कृषी केंद्राचे उधारी खाते अशा तीन ठिकाणी असलेली शेतकऱ्यांची माहिती एका मास्टर डेटा प्रणालीत, म्हणजे सगळ्या कामांसाठी वापरायच्या एकाच मुख्य यादीत, आणायची असेल, तर ती एकदम भरावी की टप्प्याटप्प्याने, दुबार नावे आधी काढावीत की नंतर, आणि हे काम केव्हा करावे. नेमके हेच तीन स्रोत मी २०२१ साली यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरील एका संस्थेत भरले आहेत. त्यात झालेली एक चूक मला अजून झोंबते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आमच्याकडे प्रणाली बसवायला आलेल्या सल्लागारांचा आग्रह होता की पहिल्या लोडमध्येच, म्हणजे डेटा पहिल्यांदा भरतानाच, सॉफ्टवेअरने दुबार नावे स्वतःहून मर्ज करावीत. आडनाव, गाव आणि मोबाईल क्रमांक जुळले आणि नावाचे आद्याक्षर जुळले, की दोन नोंदींची एक नोंद, असा त्यांचा नियम होता. या आग्रहामागचे कारण मला उशिरा कळले. परवान्याचे शुल्क मास्टर नोंदींच्या संख्येवर ठरत होते आणि कमी शुल्क दाखवून त्यांनी आमच्या अध्यक्षांकडून काम मिळवले होते. मी बैठकीत म्हटले की आमच्या गावांत मोबाईल क्रमांक माणसाचा नसतो, घराचा असतो. घरातला जो मुलगा बारावी झाला त्याचा क्रमांक सगळ्यांच्या कागदांवर लागतो, आणि काही ठिकाणी तर शेतकऱ्याच्या रकान्यात कृषी केंद्र चालकाचाच क्रमांक लिहिलेला असतो. त्यावर उत्तर मिळाले की दुबार नावे घेऊन सुरू झालेली एकही संस्था त्यांनी पाहिलेली नाही. अध्यक्षांनी मान डोलावली आणि मंजुरीच्या कागदावर सही मी केली.

डिसेंबरात एक शेतकरी कार्यालयात आला. खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या काट्याच्या पावत्या त्याने माझ्या टेबलावर एकेक करून मांडल्या आणि विचारले, "साहेब, पावतीवर नाव माहं, कापूस माहा, अन् पैसे त्याच्या खात्यात काऊन गेले?" 'तो' म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दोघांचे आडनाव, वडिलांचे नाव आणि गाव एक, थोरला रामदास आणि धाकटा रामराव, त्यामुळे खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोघेही 'रा.', आणि मोबाईल क्रमांक थोरल्याच्या मुलाचा, कारण नोंदणी झाली तेव्हा घर एकत्र होते. पुढे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला, वाटणी झाली, बोलणे बंद झाले. आमच्या नियमाने मात्र दोघांना एक माणूस केले. त्यातच बँक खात्याच्या बाबतीत भागधारकांची नोंदवही सर्वांत विश्वासार्ह धरायची, असे ठरलेले होते. धाकटा भागधारक नव्हता, म्हणून एकत्र नोंदीत थोरल्याचे खाते टिकले आणि धाकट्याचे गळाले. मी त्याला संगणकाचा पडदा फिरवून दाखवला. दोघांचेही गट क्रमांक एकाच नावाखाली पाहून तो म्हणाला, "मंग तुमच्या कम्प्युटरनं आमाले एक केलं म्हना. पाच वर्सं तंटामुक्ती समितीले नाही जमलं थे."

खोलीतले सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण तोपर्यंत थोरल्याच्या खात्यातून ती रक्कम त्याच्या थकीत पीककर्जात वळती झाली होती. संस्थेला धाकट्याचा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, स्वतःच्या पैशातून द्यावा लागला आणि थोरल्याकडून तो पुढच्या हंगामात वसूल झाला. त्याहून वाईट बाब म्हणजे नोंदी पुन्हा वेगळ्या करता येईनात. कोणत्या जुन्या यादीतील कोणती ओळ कोणत्या मास्टर नोंदीत गेली, याची क्रॉस-रेफरन्स यादी ठेवलेलीच नव्हती आणि स्टेजिंगमधला, म्हणजे मास्टरमध्ये नेण्याआधी तात्पुरता ठेवलेला, मूळ डेटा लोड झाल्यावर पुसून टाकला होता. आम्ही कागदी नोंदवही उघडून तीन आठवडे बसलो तेव्हा अशाच आणखी काही जोड्या निघाल्या. त्यांपैकी दोन सासू-सुनांच्या होत्या.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या लोडमध्ये केवळ आडनाव, गाव आणि मोबाईल यांच्या आधारावर काहीही आपोआप मर्ज करू नका. दुबार नोंदीमुळे फार तर एकाच माणसाला दोन एसएमएस जातील किंवा उधारीचा हिशेब दोन ठिकाणी दिसेल, आणि ते नंतर जोडता येते. चुकीच्या मर्जमुळे एकाचे पैसे दुसऱ्याकडे जातात. ही काही माझ्या गावाकडची शहाणीव नाही. नोंदी जुळवण्याचा गणिती पाया आयव्हन फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी १९६९ साली मांडला, त्यातही निर्णय तीन आहेत: जुळते, जुळत नाही, आणि मधला गट, जो माणसाने डोळ्यांखालून घालायचा. आमच्या सल्लागारांनी तो मधला गटच उडवला होता, कारण त्यात माणसांचे दिवस जातात आणि ते दिवस त्यांच्या दरपत्रकात धरलेले नव्हते. जन्मतारखेवरही विसंबू नका. आपल्याकडे ज्यांची तारीख कुणी लिहून ठेवली नाही अशा कित्येकांच्या कागदांवर १ जानेवारी किंवा १ जुलै असते.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. डेटा गावनिहाय, टप्प्याटप्प्याने भरावा, परंतु त्याआधी गावांची यादी स्वतंत्रपणे भरून घ्यावी. आमच्याकडे नुसते 'कारंजा' लिहिलेल्या नोंदी होत्या. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात आहे आणि कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. मंगरूळपीर आणि मंगरूळ दस्तगीर यांचीही अशीच गल्लत झाली. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी जुन्या भागधारकांच्या पत्त्यात जिल्हा अकोलाच होता. बुद्रुक, खुर्द आणि रिठी हे शब्द कुणी लिहिले होते, कुणी गाळले होते. प्रत्येक गावाला शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील संकेतांक लावून घ्या, तो नसलेली एकही ओळ पुढे जाऊ देऊ नका आणि त्यानंतरच माणसे, मग बँक खाती, मग जमिनी व नाती अशा क्रमाने जा.

एका गावाचा डेटा स्टेजिंगमध्ये आला की त्या गावचा एक जाणता माणूस शेजारी बसवून संशयित जोड्या मोठ्याने वाचाव्यात. 'वल्द' (अमक्याचा मुलगा), 'जौजे' (अमक्याची बायको), 'बेवा' (विधवा) असे शब्द नावाच्या रकान्यात शिरलेले असतात आणि त्यांचा अर्थ तो माणूस क्षणात लावतो. वानखडे आणि वानखेडे हे एकच घर आहे की दोन, हेही त्यालाच ठाऊक असते. प्रत्येक गावाला वेगळा बॅच क्रमांक द्या, म्हणजे बिघडले तर तेवढेच गाव मागे घेता येते. जुन्या प्रत्येक यादीतला मूळ क्रमांक मास्टर नोंदीशी कायमचा जोडून ठेवा. बँक खाते मात्र दोन नोंदींतून कधीही आपोआप निवडू नये. दोन खाती दिसली तर चुकारा थांबवून शेतकऱ्याला विचारावे.

एक्सेलमधून डेटा नेणार असाल तर खाते क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या. सुरुवातीची शून्ये उडतात आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात, हे आम्हाला बँकेने परत पाठवलेल्या चुकाऱ्यांवरून समजले. आयएफएससीचेही तसेच आहे. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात आणि अलाहाबाद बँक १ एप्रिल २०२० रोजी इंडियन बँकेत विलीन झाली, आणि त्यांचे जुने संकेतांक याद्यांत तसेच पडून असतात. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावे युनिकोडमध्ये आणली की जोडाक्षरे एकदा नजरेखालून घाला.

हे काम एप्रिल-मे महिन्यांत करा. कापसाची खरेदी तेव्हा संपत आलेली असते आणि बियाण्यांची गर्दी सुरू व्हायची असते, त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये बदल करणे काही दिवस बंद ठेवता येते. आम्ही ऐन दिवाळीनंतर लोड केला आणि भरत असतानाच खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज नवी नावे पडत राहिली.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आमच्या नोंदी नऊ हजारांच्या आसपास होत्या, म्हणून गावकऱ्याला शेजारी बसवणे जमले. लाखांच्या घरात नोंदी असतील तर काही मर्ज आपोआप करावेच लागेल, मात्र ते पॅनसारख्या ठोस ओळखीवर करावे. सगळ्यांचे आधार क्रमांक गोळा करून त्यावर जुळवणी करण्याचा मोह होईल, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर खासगी कंपनीने कायदेशीर सल्ला घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आणि सल्लागार नेमणार असाल, तर परवान्यासाठी नोंदींची मोजणी पहिल्या लोडच्या दिवशी न करता दुबार नावे तपासून झाल्यावर, म्हणजे किमान सहा महिन्यांनी होईल, हे करारात लिहून घ्या. मी माझी हरकत बैठकीत तोंडी नोंदवली होती; इतिवृत्तात ती नव्हती आणि खाली माझी सही होती.