हिवाळी चाके आणि हवेच्या दाबाचा दिवा: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

थंडीची चाके चढवण्याचा हंगाम सुरू झाला की तीच शंका वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते. चाके बदलल्यावर डॅशबोर्डवर टायरचा काटछेद आणि त्यात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो, आणि त्याचे करायचे काय हे कोणीच नीट सांगत नाही. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. हवा कमी आहे का?

बहुतेक गाड्यांत याचा अर्थ असा की टायरच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला चाकांतील सेन्सरचा संदेश मिळत नाही. हवा खरोखर कमी असल्यास दिवा न लुकलुकता थेट लागतो. तरीही गेज (दाबमापक) लावून दाब तपासावाच, आणि आपल्या गाडीचा संकेत माहितीपुस्तिकेत पडताळावा.

प्रश्न: माझ्या गाडीच्या एकाही चाकात सेन्सर नाही, असे मेकॅनिक सांगतो. मग दिवा कशाने लागला?

तुमची यंत्रणा अप्रत्यक्ष प्रकारची असावी. ती चाकातील हवेचा दाब थेट मोजत नाही, तर एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून प्रत्येक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजते. हवा कमी झालेल्या टायरचा परीघ किंचित घटतो, तो टायर इतरांपेक्षा जलद फिरतो आणि यंत्रणेला फरक कळतो. चाके बदलली की जुनी नोंद निरुपयोगी होते, म्हणून आधी थंड टायरमध्ये योग्य दाब भरावा आणि मगच रीसेट करावे. हा क्रम उलटा केला, तर कमी दाब हाच योग्य दाब म्हणून नोंदला जातो.

प्रश्न: नायट्रोजन भरल्यास थंडीत दाब उतरत नाही, हे खरे का?

नाही, तापमान घटले की नायट्रोजनचाही दाब जवळजवळ तितकाच उतरतो, आणि साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

प्रश्न: हिवाळी रिममध्ये सेन्सर बसवलेले नाहीत, त्यामुळे दिवा वसंत ऋतूपर्यंत लागलेलाच असतो. एका मित्राने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावण्याचा सल्ला दिला आहे. लावू का?

लावू नका. चारही सेन्सर प्लास्टिकच्या नळीत घालून, नळीत हवा भरून, ती डिकीत ठेवणारेही लोक आहेत. गाडीला सगळे टायर ठीक वाटतात आणि प्रत्यक्ष टायरकडे कोणाचेच लक्ष नसते. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण सतत लागलेल्या दिव्याची डोळ्यांना सवय होते आणि दिवा झाकला की राहिलेली आठवणही जाते, तीही नेमकी अशा ऋतूत जेव्हा दाब आपोआप घटतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) उतरतो. वीस अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३३ पीएसआय भरून गाडी उणे दहा अंशांत रात्रभर उभी राहिली, तर सकाळी एकही छिद्र नसताना टायरमध्ये सुमारे २८ उरतात. अमेरिकी नियमानुसार दिवा लागणे बंधनकारक होते ते शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर, म्हणजे येथे पंचविसाच्या खाली. तेव्हा चालू यंत्रणेचा विझलेला दिवासुद्धा दाब बरोबर असल्याची हमी देत नाही. बंद यंत्रणेबद्दल तर बोलायलाच नको. कमी हवेचा टायर कडेने वाकतो, तापतो आणि ब्रेक लावताना व वळताना हवी तशी पकड देत नाही. शिवाय युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे, आणि ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०१२ पासून वापरात आलेल्या मोटारीच्या वार्षिक तपासणीत तिच्यातील बिघाड हा दोष धरला जातो. हिवाळी चाकांत सेन्सर बसवून घ्या, आणि ते होईपर्यंत, निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा दाब दर आठवड्याला गेजने मोजा. दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेला आकडा प्रमाण मानावा; हिवाळी टायरचे माप वेगळे असेल तर टायरतज्ज्ञाला विचारावे.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, दर हंगामात चारही सेन्सर नवे घ्यावे लागतील.

हे विक्रीचे बोलणे आहे. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती सीलबंद असल्यामुळे संपली की संपूर्ण सेन्सर बदलावा लागतो, पण त्याआधी नाही. काही गाड्या थोडा वेळ चालवल्यावर नवे सेन्सर स्वतः ओळखतात, काहींना निदानयंत्र जोडून ओळख करून द्यावी लागते, आणि जुन्या सेन्सरचा क्रमांक नव्यात उतरवून घेतला तर बऱ्याच गाड्यांत ही ओळख दर हंगामात करून द्यावी लागत नाही. आपल्या गाडीला कोणता मार्ग चालतो आणि सेन्सरची रेडिओ वारंवारता गाडीशी जुळते का, हे अधिकृत सेवाकेंद्रातून खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न: सेन्सरच्या व्हॉल्व्हची धातूची टोपी निघतच नाही. पकडीने फिरवू का?

नको. रस्त्यावरच्या मिठाने ॲल्युमिनियमचा दांडा आणि पितळेची टोपी एकमेकांत गंजून चिकटतात, आणि जोर लावल्यास दांडाच मोडून क्षणात हवा जाते. चाक उतरवून देऊन हे काम टायरवाल्याकडून करून घ्यावे, नंतर प्लास्टिकची टोपी लावावी, आणि व्हॉल्व्हच्या आतील, हवा रोखून धरणारी पिन निकेलचा मुलामा दिलेलीच बसवली आहे ना, हे त्याला समोरच विचारावे.