गोथेनबर्गच्या गार फरशीबद्दल विचारलंत म्हणून

नोव्हेंबरात पुण्याहून इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला येताय, जुना फ्लॅट घेताय, बाथरूमच्या फरशीवर पाय ठेववत नाही. टाइल्सखाली इलेक्ट्रिक हीटिंग घालावं का, आणि भाऊ वायरमन आहे तर त्याच्याकडून करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

घाला. भावाकडून मात्र नको. इथे असं वायरिंग नोंदणी असलेल्या कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं, आणि पुढे पाणी मुरलं तर विमेवाले आधी कागद मागतात. व्हिसाचं, कराचं सरकारी साइटवर वाचालच. आम्ही अडकलो ते सोसायटीच्या परवानगीत. चार महिने वाट पाहिली, तेव्हा कळलं की अर्जासोबत एक नकाशा कमी होता. आधी सांगायला काय जात होतं? अजून राग येतो.

फरशीखालची गरम होणारी केबल कधीच कापायची नाही. कमोडखाली, पक्क्या कपाटाखाली न्यायची नाही. अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि वर फरशीचा मसाला ओतल्यावर, तिन्ही वेळा मल्टिमीटरवर केबलचा रोध, म्हणजे ओहम, मोजायला लावा आणि आकडे लिहून घ्या. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर नळीतून घालायला सांगा, म्हणजे बिघडला तर फरशी न फोडता ओढून काढता येतो. मसाला लवकर वाळावा म्हणून हीटिंग सुरू करू नका, तडे जातात.

आणि हे येण्याआधीच ठरवा. बाबा एकदाच आले, डिसेंबरात. साडेतीनला अंधार. मोजे घालून आंघोळीला जायचे, ओले मोजे रेडिएटरवर वाळत टाकायचे, तक्रार एका शब्दाची नाही. आम्ही म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी करू. फरशी झाली तेव्हा बाबा नव्हते.

थंडीत इथली घड्याळं भारताच्या साडेचार तास मागे असतात. संध्याकाळी पाचला, आईच्या साडेनऊला, मी त्या ऊबदार फरशीवर दार लावून बसते आणि फोन करते. लेकीसमोर रडू नये म्हणून.

लेकीचंही सांगते. शाळेत मातृभाषेच्या तासासाठी पालिकेच्या हद्दीत ती भाषा बोलणारी किमान पाच मुलं आणि योग्य शिक्षक लागतो. मी दारोदार फिरून सात मुलं जमवली. उत्तर आलं, शिक्षक मिळत नाही. मी तिथेच थांबले, दरवर्षी अर्ज करायला हवा होता. आता ती पंधराची आहे. आजीचं सगळं समजतं तिला, पण बोलायची वेळ आली की फोन माझ्या हातात देते. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे ना? घरात त्याच्याशी मराठीच बोला.