दोह्यातल्या पे-टीव्हीची ऑफर: सही करण्याआधी

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मुंबईत सहा वर्षं चॅनेलच्या प्लेआउटमध्ये (म्हणजे ठरलेले कार्यक्रम वेळेवर प्रसारित करण्याच्या कामात) काढलीत, आता दोह्यातल्या एका अरबी पे-टीव्ही (पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांच्या) नेटवर्ककडून ऑफर आहे, अरबी येत नाही, आणि पत्नी व चार वर्षांच्या मुलीला न्यायचंय. मी याच शहरात, याच धंद्यात अकरा वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अरबीची धास्ती घेऊ नका. मास्टर कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रक्षेपणावर नजर ठेवणाऱ्या खोलीत, इंग्रजीवर भागतं. आकडे मात्र आल्याआल्या शिका. अरबीतला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी डेस्ककडून आलेल्या कागदावर मराठी डोळा इथेच फसतो. सबटायटल उजवीकडून डावीकडे जातात. मधे इंग्रजी नाव आलं की पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसतो. तो ओळखायला शिकलात की डेस्कवरची माणसं तुम्हाला आपलं मानतात. आणि फुटबॉलचा सामना समालोचक इसाम शवालींच्या आवाजात ऐका. भाषा न कळताही अंगावर काटा येतो.

खरी चौकशी करायची ती प्रक्षेपण हक्कांची. पे-टीव्हीत हक्क गेले की विभागच उरत नाही. एआरटी हे अरब जगातल्या पे-टीव्हीतलं जुनं नाव. 2009 मध्ये त्यांनी क्रीडा वाहिन्या कतारच्या अल जझीराला विकल्या. पुढे त्यांच्याच अल जझीरा स्पोर्ट या क्रीडा विभागाचं बीइन हे नेटवर्क झालं. जून 2017 मध्ये सौदी आणि शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली, बीइनवर सौदीत बंदी आली, आणि काही महिन्यांत बीआउटक्यू नावाची चोरटी सेवा त्यांचंच चित्र, त्यावर आपला लोगो डकवून, उपग्रहावरून दाखवू लागली. 2019 मध्ये बीइनने दोह्यात सुमारे 300 जणांना कमी केलं आणि कारण म्हणून ही चोरीच सांगितली. सौदीतली बंदी 2021 मध्ये उठली. म्हणून मुलाखतीत निःसंकोच विचारा: माझी जागा कोणत्या स्पर्धेवर उभी आहे, आणि तिचे हक्क कोणत्या वर्षापर्यंत आहेत? मी हे विचारलं नव्हतं. पहिल्या नोकरीत दोन वर्षांतच आमचा विभाग गुंडाळला, त्यात घर विस्कटलं, आणि ते अजून सलतं.

पगाराच्या एकूण आकड्यावर जाऊ नका, मूळ पगार पाहा. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी दर वर्षाला किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी असते. भत्ते त्यात धरत नाहीत. पगारावर आयकर नाही. 2020 पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, नोटीस मात्र द्यावी लागते. हा बदल आमच्या वेळी असता तर बरंच निभावलं असतं.

रमजानचं आधीच घरी सांगून ठेवा. कायद्याने त्या महिन्यात कामाचे तास कमी होतात, पण अरबी मालिकांचा खरा हंगाम तोच, त्यामुळे आपल्या खात्यात रात्रपाळ्या वाढतात. पत्नीला नवख्या शहरात तेव्हाच एकटं वाटेल. इथलं महाराष्ट्र मंडळ शोधा, आणि शक्य असेल तर रमजान उलटल्यावर त्यांना आणा.

पदवी, विवाह नोंदणी आणि मुलीचा जन्मदाखला यांचं अटेस्टेशन (अधिकृत साक्षांकन) भारतातच उरका. त्याआधी एक तपासा: लग्नानंतर पत्नीचं नाव बदललं असेल, तर पासपोर्टवर आणि मुलीच्या दाखल्यावर ते अक्षरन् अक्षर सारखं आहे का.