डेपेश मोड या ब्रिटिश बँडला पहिला करार डेमो कॅसेटमुळे मिळाला का?

थेट नाही. 1980 मध्ये इंग्लंडमधल्या बॅसिल्डन गावच्या या पोरांकडे स्वतःच्या गाण्यांची एक डेमो टेप होती. बँडमधले व्हिन्स क्लार्क आणि डेव्ह गहान ती घेऊन लंडनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवत होते. टेप ठेवून जायला मात्र ते तयार नसत, कारण प्रत एकच! 'आमच्यासमोरच ऐका' असा हट्ट. बहुतेक ठिकाणी नकारच मिळाला. रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीत म्यूट रेकॉर्ड्स या छोट्या लेबलचा मालक डॅनियल मिलर भेटला, पण तो घाईत होता, त्यानेही टेप ऐकली नाही.

खरी गोष्ट घडली त्याच वर्षाच्या अखेरीस, लंडनमधल्या कॅनिंग टाउनच्या ब्रिज हाउस पबमध्ये. मिलरच्याच लेबलवरच्या फॅड गॅजेट या कलाकाराआधी हे चौघे वाजवत होते. साधे सिंथेसायझर आणि इतक्या कोवळ्या वयात एवढी पक्की गाणी! मिलरने तिथेच सिंगल (एका मुख्य गाण्याची रेकॉर्ड) काढायचा प्रस्ताव ठेवला. लेखी करार नाही, फक्त हस्तांदोलन आणि नफा निम्मा-निम्मा. फेब्रुवारी 1981 मध्ये 'ड्रीमिंग ऑफ मी' हे ते सिंगल आलं. मला हा तोंडी शब्दावरचा विश्वास टेपच्या कथेपेक्षाही मोठा वाटतो, कारण तो पुढे कित्येक वर्षं टिकला.